चार सूत कमी

धाकटीला धाकटी म्हणत, कारण घरात थोरली आधीच होती. थोरली म्हणजे शिलाई मशीन. काळी, पायाने चालवायची, धाकटीच्या जन्माच्या आदल्या वर्षी दुकानात आलेली. धाकटीचे वडील, ज्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणे, दोघींबद्दल एकाच सुरात बोलत. थोरली कुरकुरली की तेल घालावे, गप्प होते. धाकटी कुरकुरली की उत्तर द्यावे लागते आणि तरी गप्प होत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार होती.

धाकटी आता चौतिशीची होती आणि संगणकाचे प्रोग्राम लिहीत असे. तिचे ऑफिस म्हणजे दुकानाच्या मागची खोली. एका बाजूला कापडाचे तागे, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांनी सदरे घालून बघायचा आरसा, आणि मधल्या जागेत तिचे टेबल. गिऱ्हाईक आले की तिला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसावे लागे. एवढी अडचण सोडली तर ऑफिस झकास होते, आणि साहेब कोणी नव्हता. म्हणजे होता, पण तो पुढच्या खोलीत कटिंगच्या टेबलाशी उभा असे आणि त्याला संगणक चालू करता येत नसे.

साहेबांच्या, म्हणजे मास्तरांच्या, गळ्यात कायम टेप. अंघोळीपुरती ती उतरे. बाहेर आले की आधी टेप, मग बनियन. टोकाची पितळी पट्टी कधीच गेली होती. तिथे धाकटीच्या आईने लाल दोऱ्याने काजाचे टाके घालून टोक बंद केले होते. आईला जाऊन अकरा वर्षे झाली, टाके होते तसे होते. दुकानात दुसरी टेप चालत नसे. एका घरात दोन घड्याळे असली की खरी वेळ कोणालाच कळत नाही, असे मास्तरांचे म्हणणे. दुसरी त्यांची सवय अशी, की महत्त्वाच्या गोष्टीला ते तोंडाने हो म्हणत नसत. कापडावर खडूची खूण करत. खूण झाली की विषय संपला, आता कात्री चालणार.

गेल्या दोन वर्षांत मात्र कात्री थरथरू लागली होती. फार नाही, पण जो माणूस एका दमात बाही कापायचा तो आता मध्ये थांबून श्वास घेऊ लागला होता. हे दोघांनाही दिसत होते आणि दोघेही बोलत नव्हते. धाकटीने बोलण्याऐवजी प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचे नाव ठेवले ‘कातर’. माणसाची मापे भरायची, चौदा प्रश्नांची उत्तरे द्यायची, पाठ वाकलेली आहे का, कोणता खांदा उतरलेला आहे, पोट पुढे आहे की बाजूला. मग कातर सांगे, कापडावर टेपने कुठे किती मोजून खूण करायची. मास्तरांचे सगळे कसब तिने एक वर्षभर शेजारी बसून, विचारून विचारून त्यात भरले. सोपे नव्हते. मास्तर सांगायचे, इथे थोडेसे जास्त धर. धाकटी विचारायची, थोडेसे म्हणजे किती. मास्तर म्हणायचे, थोडेसे म्हणजे थोडेसे. संगणकाला थोडेसे कळत नाही हे त्यांना पटवायला एक आठवडा गेला, आणि शेवटी ते थोडेसे दोन सूत निघाले. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला सूत म्हणतात. मास्तरांचे सगळे आयुष्य अशा दोन-तीन सुतांत होते.

आणि आता गुरुवारी युनिफॉर्मवाल्या बाई कातर बघणार होत्या. नर्सबाईंपासून पहारेकऱ्यांपर्यंत सगळ्यांचे कपडे त्यांच्या चार कारखान्यांत शिवले जात. त्यांनी घेतली तर मास्तरांचा हात चार ठिकाणी चालत राहणार होता, त्यांची कात्री बंद पडली तरी. नाही घेतली, किंवा मास्तरांनीच नाही म्हटले, तर ते कसब त्यांच्याबरोबर जाणार. धाकटीची झोप उडाली होती ती या दुसऱ्या ‘नाही’मुळे. कारण मास्तरांची एकच अट होती: प्रोग्राम जाऊ दे, पण त्यातले माझे आकडे कोणाला वाचता येता कामा नयेत. वाचता आले तर खूण नाही.

ही अट कुठून आली ते सगळ्या रस्त्याला माहीत होते. समोर पंधरा पावलांवर पडद्यांचे दुकान होते. त्याचे मालक, पडदेवाले, एकेकाळी मास्तरांसोबत एकाच टेबलावर कापड कापायचे. दोघांचा गुरू एक. गुरूंच्या हिशोबात मास्तरांनी पुढे स्वतःच्या सुधारणा केल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. एके दिवशी त्या वहीच्या पानावर खडूने माखलेला अंगठा उमटलेला दिसला, आणि तो मास्तरांचा नव्हता. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर मिटले असते. पडदेवाल्यांनी समोर दुकान थाटले, दोन वर्षे सदरे शिवले, मग पडद्यांकडे वळले. या गोष्टीला एकतीस वर्षे झाली. एकतीस वर्षे दोघे एकाच वेळी शटर उघडत होते आणि एकमेकांना न बघण्याची काळजी घेत होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मास्तर पाणीसुद्धा फुंकून पीत.

सोमवारी सकाळी धाकटीने त्यांना स्टुलावर बसवून समजावले. कातर ही स्क्रिप्ट आहे, म्हणजे ती लिहिलेल्या स्वरूपातच समोरच्याच्या संगणकात जाते. शिवलेला सदरा दिला तर कोणी उसवून कटिंग बघेल. इथे तर उसवायचीही गरज नाही, कागदी कटिंगच सोबत जाते आणि त्यावर आपल्या हाताने सूचना लिहिलेल्या आहेत. मास्तरांचा चेहरा पडला. म्हणून, धाकटी घाईने म्हणाली, पाठवण्याआधी आपण ती दळायची. मूळ आपल्याकडे, दळलेली लोकांकडे. त्यासाठी तयार अवजारे मिळतात. आधी टिपा जातात, मग मोकळ्या जागा जातात, मग नावे जातात आणि ‘काखेचा गोल’ लिहिले असेल तिथे नुसते एक अक्षर उरते. चालते तशीच, पण वाचणाऱ्याला काही पत्ता लागत नाही.

टिपा जाणार म्हटल्यावर मास्तरांना जरा वाईट वाटले. त्या त्यांच्याच शब्दांत होत्या. ‘पोट सुटलेला माणूस माप देताना श्वास रोखतो, त्याला बोलतं ठेव आणि मग टेप लाव.’ धाकटीने सांगितले, शिवण झाल्यावर तुम्ही धावदोरा काढता की नाही, तसेच हे. काढलेला दोरा आपण जपून ठेवू. मग तिने बटण दाबले. तीन हजार ओळींची एक ओळ झाली. सुरुवात ना शेवट, मुंग्यांची रांग फुटावी तशी अक्षरे. धाकटी खूश झाली. मास्तरांनी तो मजकूर कागदावर छापून मागितला, भिंग घेतले, लाल पेन्सिल घेतली आणि कटिंगच्या टेबलावर वाकले. धाकटीला हसू आले. म्हातारा पेपर वाचतो तसा हे वाचणार, असे तिला वाटले.

चहाच्या वेळेला ते मागच्या खोलीत आले.

“धाकटे, ही तिरकी रेघ कसली?”

“भागिले.”

“आणि हा सहा म्हणजे सहाच?”

“सहाच.”

“मग झालं,” मास्तर म्हणाले आणि कागद तिच्या पुढ्यात ठेवला. “छातीला सहाने भाग, वर तीन सूत आणि केसभर. हा बाहीचा घेर. खाली चारने भागलंय, वर तीन सूत, तो सदऱ्याचा पुढचा पल्ला. तू नावं पुसलीस गं, आकडे तसेच उघडे राहिलेत.”

पानभर लाल गोल होते. धाकटी बघतच राहिली. अवजार नावे बदलते, कारण नावे माणसांसाठी असतात. आकडे बदलत नाही, कारण त्यांच्यावर तर गणित चालते. हे तिला माहीत होते. पण तिला वाचायची सवय नावांची, म्हणून नावे गेल्यावर तिच्या लेखी सगळे गेले. मास्तरांनी आयुष्यात कधी नावे वाचलीच नव्हती.

तिने वकिली केली. तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे म्हणून दिसते, परक्या माणसाला काय कळणार? मुद्दा बिनतोड होता. मास्तरांनी थोडा विचार केला आणि दुकानाच्या दारातून समोर बघितले, एकतीस वर्षांत पहिल्यांदा सरळ.

“मग परक्याला विचारू. कुलूप पारखायचं तर चोराकडूनच पारखावं.”

मंगळवारी दहा वाजता दोघांनी रस्ता ओलांडला. पंधरा पावले, पण मास्तर मध्ये दोनदा थांबले, एकदा सायकल जाऊ द्यायला आणि एकदा उगीच. पडद्यांच्या दुकानात छतापासून कापडे लोंबत होती, काउंटरवर पितळी कड्यांचा ढीग होता आणि त्यामागे पडदेवाले एका जाड पडद्याच्या चुण्या टाचत बसले होते. त्यांनी मान वर केली. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग धाकटीकडे बघून म्हणाले, बस.

पुढचा सगळा व्यवहार धाकटीमार्फत झाला. मास्तर म्हणाले, त्यांना सांग, हा कागद वाचून काय कळतं ते बघा. पडदेवाले म्हणाले, वडिलांना विचार, एकतीस वर्षांनी ही परीक्षा कसली? तिघे एका हाताच्या अंतरावर होते आणि धाकटी टपाल वाहत होती. शेवटी पडदेवाल्यांनी कागद घेतला, लांब धरून बघितला आणि लाल पेन्सिलीऐवजी टाचण्या हातात घेतल्या. ओठ हलवत वाचत होते. एका आकड्यावर टाचणी खुपसली. मग दुसऱ्या. पाव तास गेला. कागदावर नऊ टाचण्या उभ्या राहिल्या.

“वडिलांना सांग, बाहीचे नऊच्या नऊ आकडे आहेत. माझे पाठ आहेत, वाचायची गरजसुद्धा नव्हती.” मास्तरांनी मान अशी हलवली, की बघ, मी म्हणत नव्हतो. पण पडदेवाल्यांचे बोलणे संपले नव्हते. “आणि हेही सांग, की एवढं झाकायची तसदी घेऊ नका. आकडे खोटे आहेत.”

मग ते बोलत सुटले, नजर पडद्यावर ठेवून. वहीतून आकडे उतरवले ते खरे. लाज वाटत होती, तरी उतरवले. दुकान टाकले आणि त्या आकड्यांवर सदरे कापले. लांबी प्रत्येकाची बरोबर, आणि रुंदीला प्रत्येक सदरा सैल. काखेत ढगळ, बाहीत ढगळ. लोक म्हणू लागले, हा माणूस मापे घेऊन गोण्या शिवतो. दोन वर्षे धडपड केली, मग सदरे सोडून पडदे धरले, कारण खिडकीला काख नसते.

“मी चोरी केली, ते मान्य,” पडदेवाले म्हणाले. “पण मला फसवायला खोटी वही लिहून ठेवायची, हेही एका गुरूच्या शिष्याला शोभलं नाही. तेवढं त्यांना सांग.”

धाकटीला काही सांगावे लागले नाही.

“खोटी?” मास्तर थेट त्यांच्याकडे वळले. “अरे, त्याच वहीवरून मी एकतीस वर्षं कापतोय.”

दोन्ही म्हातारे एकमेकांकडे बघत होते, आणि दोघांपैकी कोणी खोटे बोलत नव्हता हे धाकटीला स्पष्ट दिसत होते. तेच आकडे. इकडे बरोबर, तिकडे ढगळ. तिच्या धंद्यात हे रोजचेच होते. प्रोग्राम लिहिणारा छातीठोकपणे म्हणतो, माझ्याकडे तर चालतो, आणि गिऱ्हाइकाकडे तो तोंडावर आपटतो. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा असतो, तुमच्याकडे असे काय आहे जे त्यांच्याकडे नाही? धाकटीने वडिलांकडे वरपासून खालपर्यंत बघितले. फार खाली जावे लागले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर तो गळ्यातच लोंबत होता.

“बाबा, टेप द्या.”

मास्तरांनी दिली, पण कुरकुरत. पडदेवाल्यांची टेप काउंटरवर होतीच. धाकटीने दोन्ही शेजारी शेजारी पसरल्या आणि साठाच्या आकड्यापाशी जुळवल्या. मग हात फिरवत पुढे आली. चाळीसला चाळीस, वीसला वीस, एकला एक. आणि एकच्या पुढे पडदेवाल्यांची टेप पूर्ण इंचभर गेली, मास्तरांची अर्ध्यावर लाल टाक्यांपाशी थांबली.

चार सूत कमी.

पहिला इंच हा टेपचा सर्वांत दुर्लक्षित भाग. तो नेहमी चिमटीत असतो, त्याच्याकडे कोण बघतो? बारीक मापे मास्तर बोटांनीच घेत. आणि अख्खे माप अशा टेपने घेतले आणि त्याच टेपने कापडावर टाकले, तर चूक आली तशी निघूनही जाते, म्हणून लांबी कधी चुकली नाही. पण छातीचा चौथा हिस्सा, सहावा हिस्सा काढून टाकायला गेले की टेप दर वेळी थोडे कापड गिळायची, कारण भागाकारात जास्तीच्या अर्ध्या इंचाचा तुकडाच उरे आणि कापडावर मात्र पूर्ण अर्धा इंच कमी पडे. मास्तर ते नजरेने भरून काढत, आणि भरलेले ते सूत वहीत लिहीत.

मास्तर तिथल्याच एका खोक्यावर बसले. त्यांना आठवले. पितळी पट्टी निघाली होती, टोक विरत चालले होते. धाकटीची आई म्हणाली, जरा कापून शिवून देऊ का? त्यांनी मान वर न करता म्हटले, दे. त्यानंतर महिनाभर सदरे घट्ट येत होते. त्यांना वाटले गुरूंचा हिशोब जुना झाला, आता माणसे बदलली, आपण सुधारणा केली पाहिजे. केली. सदरे पुन्हा अंगाला बसू लागले तेव्हा त्यांची छाती फुगली होती, की आपण गुरूंच्या पुढे गेलो.

“म्हणजे माझं कसब ते एवढंच?” ते म्हणाले. “तिने कापलं, आणि मी आयुष्यभर ते भरत बसलो?”

धाकटीला काहीतरी बोलायचे होते, पण पडदेवाले आधी बोलले.

“अरे, तुझ्याकडे टेप चुकीची होती आणि तू एकतीस वर्षं बरोबर कापलंस. माझ्याकडे टेप बरोबर होती, वर तुझे आकडे होते, आणि माझ्या गोण्या झाल्या. आता कसब कुणाकडे होतं ते तूच सांग.”

मास्तरांनी हात पुढे करून टेप परत मागितली आणि गळ्यात घातली. पडदेवाल्यांनी चहा मागवला. दोघांनी गुरूंच्या तिरसटपणाच्या दोन गोष्टी काढल्या आणि हसले. धाकटी मात्र मनात हिशोब करत होती. आजवर कातरची प्रत्येक चाचणी तिने मास्तरांच्या टेपने केली होती. युनिफॉर्मवाल्या बाईंच्या कारखान्यांत साऱ्या टेपा सरळ असणार. गुरुवारनंतर चार कारखाने गोण्या शिवत बसले असते, आणि त्या मास्तरांच्या नावावर.

पहिला विचार आला तो सगळे आकडे दुरुस्त करायचा. दोनशे बारा होते. संध्याकाळपर्यंत ती आणि मास्तर वहीवर बसले, आणि दोघांच्या लक्षात आले की हे होणे नाही. कुठल्या आकड्यात कसब किती आणि टेपची भरपाई किती, हे वेगळे करणे ब्रह्मदेवालाही जमले नसते. इतकी वर्षे दोन्ही एकत्र मुरले होते. धाकटी पेन चावत बसली. मग तिच्या मनात आले, की वेगळे करायचेच कशाला? आकडे राहू देत चुकीचेच. कारागीर सरळ टेपने माप भरेल तेव्हा कातरने त्यात गुपचूप अर्धा इंच मिळवायचा, म्हणजे ते मास्तरांच्या टेपचे माप झाले. मग सगळे गणित मास्तरांच्या आकड्यांनी करायचे. आणि उत्तर बाहेर देताना अर्धा इंच काढून घ्यायचा, म्हणजे ते पुन्हा सरळ टेपचे झाले. दोन ओळींचे काम. तिने ते लिहून टाकले, पुन्हा दळले, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात दुसरा प्रकाश पडला.

बुधवारी सकाळी तिने तो विचार दोघा म्हाताऱ्यांना ऐकवला. पडदेवाले कोणी न बोलावताच येऊन बसले होते. आता कोणीही कागद छापून टाचण्या लावो, आकडे वहीत उतरवो. सरळ टेपने कापायला बसला की त्याच्या गोण्याच होणार. कातर चालवली तर सदरा, कातर चोरली तर गोणी. अवजाराने नावे झाकली होती. आकडे मात्र एकतीस वर्षांपूर्वीच कोणी तरी झाकून गेले होते.

मास्तर लाल टाक्यांवरून अंगठा फिरवत ऐकत होते.

धाकटीला खोटे सांगवले नाही. ती म्हणाली, “बाबा, हे काही पक्कं कुलूप नाही. जे दुसऱ्याच्या संगणकात चालतं ते कुणीतरी कधीतरी उलगडतंच. आपण फक्त त्याचा वेळ वाढवतो.”

“किती?”

“मला एकतीस वर्षं लागली,” पडदेवाले म्हणाले.

चाचणी त्यांच्याच अंगावर झाली. मास्तर परक्या टेपला हात लावेनात, म्हणून मापे धाकटीने घेतली, पडदेवाल्यांच्या टेपने. पडदेवाल्यांनी पोट ओढून धरले तेव्हा तिने त्यांना पडद्यांच्या रंगाबद्दल विचारले आणि ते बोलू लागल्यावर टेप लावली. कातरने सांगितले तसे पडदेवाल्यांनी स्वतः खुणा केल्या, स्वतः कापले. मास्तर हात पाठीमागे बांधून उभे होते आणि एक शब्द बोलत नव्हते, ज्याला फार ताकद लागत होती. दुपारभर थोरली धावली. चार वाजता पडदेवाले मागच्या खोलीत आरशासमोर उभे राहिले. धाकटीने सवयीने खुर्ची भिंतीकडे फिरवली, मग राहवेना म्हणून परत फिरवली. सदऱ्याची काख काखेत होती. बाही हात वर केला तरी खेचत नव्हती आणि खाली घेतला तरी लोंबत नव्हती.

पडदेवाल्यांनी हात तीनदा वर-खाली केला.

“मला हाच सदरा शिवायचा होता,” ते म्हणाले, आणि आरशात न बघता खिडकीकडे बघू लागले.

ते गेल्यावर मास्तर धाकटीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर ती एकच एक ओळ होती, डावीकडून उजवीकडे वाहत गेलेली. उद्या सकाळी ती युनिफॉर्मवाल्या बाईंकडे जायची होती, आणि खूण अजून झाली नव्हती. धाकटीने विचारले नाही. विचारून उपयोग नसतो हे तिला लहानपणापासून माहीत होते.

“यात ती कुठे आहे?” मास्तरांनी विचारले.

कोण, हे धाकटीने विचारले नाही. तिने ओळ सरकवत नेली, बरीच, आणि बोट ठेवले. जागा वाचवायला अवजाराने शून्यसुद्धा काढून टाकले होते. एक टिंब आणि एक पाच, म्हणजे आईने कापलेला अर्धा इंच, आजूबाजूच्या शेकडो अक्षरांत दडलेले.

“एवढीशी?”

“एवढीशीच. पण दोनदा. माप आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. तिच्यावाचून एकही आकडा बाहेर पडत नाही.”

मास्तर वाकले. भिंगाशिवाय ते टिंब त्यांना दिसले की नाही कोण जाणे. त्यांनी खिशातून खडू काढला आणि काचेवर, तिने बोट ठेवले होते त्याच्या शेजारी, छोटी तिरकी खूण केली. हात थरथरत नव्हता.

मग ते पुढच्या खोलीत थोरलीला तेल घालायला गेले. ओळ सरकली तेव्हा खूण भलत्याच अक्षरांवर आली, पण धाकटीने काच पुसली नाही. सकाळी तशीच तिने फाइल पाठवून दिली.